खवाट्यावर ठेवलेल्या त्या हाताचे आभार

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुम्हाला थेट पाठवता आलं असतं. पण ज्यांना वर्षानुवर्षं ‘तुला काही झालेलं नाही, ताठ बस’ एवढंच ऐकायला मिळालंय, त्यांनीही ते वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडे येईपर्यंत माझ्या खांद्यांचं खापर माझ्याच माथी फुटत होतं. पोक काढून चालतेस, व्यायामाचा कंटाळा करतेस, नको ते मनाला लावून घेतेस. झोपेत माझे डोळे पूर्ण मिटत नाहीत, शिट्टी वाजवता येत नाही, हे मी प्रत्येकाला सांगायचे. कुणी कागदावर टिपूनही घेतलं नाही. चेहरा, खांदे आणि दंड एकत्र दुबळे करणारा हा स्नायूंचा आजार, एफएसएचडी (फॅसिओस्कॅप्युलोह्युमरल मस्क्युलर डिस्ट्रॉफी), लांदूझी आणि देजेरीन या फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच वर्णन करून ठेवलाय. म्हणून राग अजून ओसरत नाही.

तुम्ही हात वर करायला सांगितलंत. तो खांद्याच्या उंचीला येऊन अडला. तुम्ही खुर्चीवरून उठून माझ्या मागे आलात, पाठीतून बाहेर डोकावणारं खवाट्याचं हाड तळव्याने बरगड्यांवर दाबून धरलंत आणि म्हणालात, “आता कर.” हात सरळ वर गेला, कानाला लागला. “बघ, हातात जोर आहे. हाड जागेवर धरणारे स्नायू थकलेत.” रिपोर्ट यायला वेळ होता, पण माझ्या शब्दावर कुणीतरी विश्वास ठेवला होता. मी तिथेच रडले.

नंतर तुम्ही कारण सांगितलंत, काही न लपवता. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी, टेलोमिअरच्या, म्हणजे टोकावरच्या संरक्षक टोपीच्या शेजारी, डी४झेड४ नावाचा डीएनएचा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांत तो दहापेक्षा जास्त वेळा असतो, माझ्यात दहाच्या आत. ओळ लांब असली की डीएनएवरचं मिथायलेशन (त्यावर बसलेल्या रासायनिक खुणा) आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा तो भाग घट्ट आवळून ठेवतात, आणि आतलं डक्स४ हे जनुक गप्प राहतं. ओळ आखूड झाली की पकड ढिली पडते आणि भ्रूणाच्या अगदी सुरुवातीला लागणारं ते जनुक स्नायूंत जागं होऊन त्यांना मारतं. काहींची ओळ पुरेशी लांब असते, पण पकड राखणाऱ्या एसएमसीएचडी१ या जनुकातच बिघाड असतो. हे २०१२ मध्ये उलगडलं.

माझ्या मनात घर करून राहिली ती जागेची गोष्ट. माणसाच्या पेशीकेंद्रकात टेलोमिअर सगळीकडे विखुरलेली असतात, चौथ्याचं हे टोक मात्र कडेला, केंद्रकाच्या आवरणालगत राहतं, आणि त्यासाठी लॅमिन ए हे प्रथिन लागतं. माझं टोक जागेवरून हललं म्हणून हे झालं का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, नाही, रुग्णांतही ते कडेलाच सापडतं. बदलते ती त्याच्यावरची क्रोमॅटिनची, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीची घडण. शिवाय टेलोमिअर आखूड होत जातं तसा डक्स४ वरचा दाब कमी होतो, असं रुग्णांच्या स्नायूपेशींत दिसलंय. आजार जन्मतः न दिसता पुढे का डोकं वर काढतो, याचा एक धागा त्यात असू शकेल. एकाच घरात, तेवढ्याच तुकड्यांनिशी, एक जण ठणठणीत आणि दुसरा थकलेला का, हेही मला तेव्हा थोडं कळलं. ‘इच्छाशक्ती कमी पडते’ म्हणणाऱ्यांना यातलं एक वाक्य तरी ठाऊक असायला हवं होतं.

बरं करणारं औषध आज नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत. समोरच्याला खरं झेपेल असं मानणं, हा मला फार मोठा सन्मान वाटतो. मोठ्या पदव्यांच्या माणसांतही तो क्वचितच अनुभवला.

आईने दबकत विचारलं होतं, “माझ्याकडून आलं का हिला?” तुम्ही म्हणालात, “आलं असेल किंवा हिच्यातच नव्याने घडलं असेल. तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि आलं असलं, तरी त्यात तुमचा दोष काय?” त्या संध्याकाळी आई माझ्याशी या आजाराबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. तिच्याही वतीने, मनापासून आभार.

तुमची एक पेशंट