लादलेली काटकसर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

श्रीलंका किंवा पाकिस्तानला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (आयएमएफ) अटींवर कर्ज घ्यावे लागले की ‘बरे झाले, आता शिस्त लागेल’ असे पुण्यातली सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात. हे ऐकवत नाही. शिस्त लागते की नाही माहीत नाही, पण अशा अटींनी देशाच्या मनाचे काय होते, ते ग्रीसने पाहिले आहे.

तिथल्या सरकारांनी तुटीचे आकडे लपवले, हे खरेच. पण २०१० मध्ये युरोपीय देश आणि नाणेनिधीकडून घेतलेल्या ११० अब्ज युरोच्या कर्जाची किंमत मोजली ती पेन्शनरांनी आणि तरुणांनी. २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्के कापले गेले, पंचविशीच्या आतल्यांचे तर ३२ टक्के. वर ‘आळशी ग्रीक’ हा शिक्का, तोही युरोपात सर्वाधिक तास राबणाऱ्यांपैकी एका समाजावर! त्याच वर्षी कर्ज देणाऱ्या जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर (सरकारप्रमुख) अँजेला मर्केल अथेन्सला आल्या, तेव्हा काही निदर्शक नाझी गणवेश घालून रस्त्यावर उतरले. कर्जाचा वाद १९४१ मध्ये नाझी जर्मनीने ग्रीसवर मिळवलेल्या ताब्याच्या आठवणींपर्यंत जाऊन भिडला होता. ‘गोल्डन डॉन’ हा नवनाझी पक्ष सुमारे सात टक्के मते घेऊन संसदेत पोचला, तोही २०१२ मध्येच.

५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी अटी नाकारल्या. आठवडा उलटताच त्यांच्याच सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. पगार गेल्यापेक्षा मत वाया गेल्याची जखम मला जास्त खोल वाटते. सप्टेंबरच्या निवडणुकीत मतदान जानेवारीपेक्षा घसरले, यात नवल ते काय?

आपल्याकडचेच पाहा. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले आणि लोकांनी ते आनंदाने मानले, कारण सांगणारा आपला होता आणि स्वतःही ते पाळत होता. जून १९६६ मध्ये जागतिक बँक आणि अमेरिकेच्या दबावाखाली रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा संताप उसळला. काँग्रेसमध्येसुद्धा.

म्हणून परदेशी कर्जाच्या अटी सही होण्यापूर्वी संसदेत मांडल्या जाव्यात, असा आग्रह वृत्तपत्रांनी धरावा. आणि शेजारी देशांच्या बातम्यांत कर्जाच्या हप्त्यांसोबत तिथल्या पेन्शनरांच्या, शिक्षकांच्या पगाराचे काय झाले, तेही छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, कोथरूड, पुणे