माझे रक्त अजून ‘अनिर्णित’ आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार. पत्रास कारण, काल दुपारी आलेला एक फोन. ‘तुमचा नमुना खराब झालाय, सोमवारी येऊन पुन्हा रक्त देऊन जा,’ एवढे सांगून तो ठेवण्यात आला. एचआयव्ही तपासणीच्या ज्या नमुन्याचा अहवाल आठ दिवसांत देऊ असे आपल्या खात्यातील एका अधिकाऱ्यांनी माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहून दिले होते, तो सतरा दिवस कोल्हापुरातल्याच एका फ्रीजमध्ये पडून होता, हेही मला त्याच फोनवर, मी दोनदा विचारल्यानंतर कळले.

उद्यमनगरात माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. 26 जूनला, शाहू जयंतीच्या दिवशी, आमच्या पेठेतल्या तालमीच्या शिबिरात मी बाविसावे रक्तदान केले. पंधरा दिवसांनी ‘जरा येऊन जा’ असा निरोप आला. रक्तपेढीतील एचआयव्हीची चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शंका दाखवणारी, आली होती. तेथून मला तपासणी केंद्रावर पाठवले गेले. तेथे तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासतात. माझी पहिली आणि तिसरी चाचणी रिअॅक्टिव्ह आली, दुसरी आली नाही. समुपदेशक बाईंनी कागदावर ‘अनिर्णित’ असे लिहिले. नियमाप्रमाणे दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे असते. ते मी एकविसाव्या दिवशी दिले आणि उत्तर तेच आले. मग वरच्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा तो नमुना घेतला गेला. त्याचे काय झाले, ते वर लिहिलेच आहे.

महोदय, आमच्या गावात कुस्ती निकाली लागते. बरोबरीत सुटलेल्या जोडीला खासबागेत कोणी फेटा बांधत नाही. आपल्या खात्याने मात्र माझी कुस्ती तीन महिने बरोबरीत ठेवली आहे.

हे तीन महिने कसे गेले, ते आपणांस कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. बायको एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त माझे दाढीचे सामान न्हाणीच्या फळीवरून काढून वरच्या कोनाड्यात ठेवले, मुलाच्या हाती लागू नये म्हणून. तिलाही तपासणीला जावे लागले. तिचा अहवाल निगेटिव्ह आला. पण बाहेरच्या बाकावर तिला शेजारच्या गल्लीतली बाई भेटली आणि ‘तुम्ही इकडं कशा?’ या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. तालमीतल्या पोरांना मी बीपीचा त्रास आहे असे खोटे सांगितले आहे. एका मशीनवर बोट कापले तेव्हा कामगार पट्टी घेऊन धावला आणि मी त्याच्यावर ओरडलो, ‘हात लावू नको!’ तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

या काळात मी बरेच वाचले. गरोदरपण, नुकतीच घेतलेली लस, संधिवातासारखे काही आजार, अशा कारणांनीही चाचणी फसू शकते. आणि खरा संसर्ग ताजा असता, तर काही आठवड्यांत तिन्ही किट बोलू लागायला हवे होते. हे मी, दहावीनंतर आयटीआय केलेला माणूस, समजू शकतो. ते कागदावर लिहून सही करायला कोणी तयार नाही! ‘साहेब सांगतील’ आणि ‘वरून रिपोर्ट येऊ दे’ या दोन वाक्यांवर एक आख्खे केंद्र चालते.

थोडा हिशोब मांडतो. ढोबळ आहे, चुकला असेल तर आपल्या अधिकाऱ्यांनी सुधारावा. देशात प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के, म्हणजे हजारात दोन. पहिले किट हजार निरोगी माणसांमागे पाचच वेळा चुकते असे धरले, तरी खऱ्या दोघांमागे पाच निष्पाप उभे राहतात. त्यांतले बहुतेक पुढच्या किटवर सुटतात, हे मान्य. पण 38 लाखांहून अधिक वस्तीच्या या जिल्ह्यात माझ्यासारखे अडकलेले मोजले कोणी आहेत का?

विषाणू थेट शोधणारी नॅट चाचणी हा गुंता सोडवू शकते. कोविडमध्ये आरटीपीसीआरची यंत्रे महाराष्ट्रभर आली. त्यांवर ही चाचणी चालवायला वेगळे किट आणि शिकलेली माणसे लागतात, हे मला ठाऊक आहे; पण माणसे शिकवायला किती वर्षे लागतात? पुण्यात भोसरीला 1992 पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथवर राष्ट्रीय महामार्ग आहे. त्या रस्त्यावरून आमचे दूध आणि गूळ रोज वेळेवर जातात. रक्ताची एक नळी तेवढी जात नाही.

दर 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, मात्र सगळे वेळेवर होते. फेरी, रांगोळी, लाल फिती, फुगे, आणि ‘न घाबरता तपासणी करा’ असा फलक. मी न घाबरताच गेलो होतो, महोदय. घाबरायला मला आपल्या यंत्रणेने शिकवले. भारतात हा संसर्ग 1986 मध्ये प्रथम आढळला. एवढ्या वर्षांत फलक बदलले, बाकावर वाट पाहणारा माणूस बदलला नाही.

मागणे थोडेच आहे. अनिर्णित नमुना किती दिवसांत निकाली निघाला पाहिजे, याची तारीख अहवालावरच छापा. तो कोठे पोहोचला, हे फोनवर कळू द्या. आणि निकाल लागल्यावर ‘यांना संसर्ग नाही’ असा सहीशिक्क्याचा कागद द्या, कारण तोंडी शब्दावर माझे दाढीचे सामान फळीवर परत येणार नाही.

नाव लिहीत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माझी ओळख गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. आमच्या गल्लीने तो कायदा अद्याप वाचलेला नाही. सोमवारी सकाळी दहाला मी पुन्हा बाही वर करून बसणार आहे. या वेळी नळीवरची चिठ्ठी मी स्वतः वाचेन, आणि बर्फाची पेटी कोणत्या गाडीने निघते ते पाहूनच वर्कशॉपला जाईन.

आपला,
एक रक्तदाता, कोल्हापूर