संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : तोफेवर तयार झालेला पोरगा चार वर्षांनी घरी पाठवू नका

माननीय श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार
यांस जय हिंद.

साहेब, मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. १९९६ ते २०२० अशी चोवीस वर्षं आर्मी एअर डिफेन्समध्ये काढली आणि हवालदार म्हणून बाहेर पडलो. त्यातला बराच काळ एल-७० या विमानविरोधी तोफेवर गेला. आता गावाजवळच्या माळावर रोज पहाटे साडेचारला भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवतो. सोळाशे मीटर, बीम, नऊ फुटांचा खड्डा. फी घेत नाही, कारण ही पोरं कुठून येतात ते मला ठाऊक आहे. कुणाच्या बापाची दोन एकर कोरडवाहू, कुणाची तीही सप्टेंबर २०२५ च्या पुरात खरवडून गेली, कुणाची माय दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाते.

यातलाच एक पोरगा अग्निवीरांच्या, म्हणजे अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेल्या पोरांच्या, पहिल्या तुकडीत लागला. मे २०२५ मध्ये तो पश्चिम सीमेवर माझ्याच तोफेवर होता. माझ्याच म्हणजे एल-७० वर. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, ७ मे च्या पहाटे ऑपरेशन सिंदूरमध्ये आपण नऊ ठिकाणं उडवली आणि मग पाकिस्तानकडून ड्रोनचे थवे यायला लागले. लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन, असं लष्करानेच पत्रकार परिषदेत सांगितलं. त्या रात्री त्याची माय माझ्या अंगणात येऊन बसली होती. तिच्या हातात फोन होता, तो लागत नव्हता. चार दिवसांनी फोन आला. आमचं सगळ्यांचं पोर जिवंत होतं आणि त्याच्या तुकडीने आपलं काम केलं होतं. त्या दिवशी माझ्या छातीत जे भरून आलं ते मी माझ्या स्वतःच्या पदकांच्या वेळीही अनुभवलं नव्हतं.

तोफेवर नेमकं काय चालतं ते मला आधी सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

एल-७० ही तोफ आपण साठच्या दशकात स्वीडनकडून घेतली. पुढे आपल्याच भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला नवे डोळे बसवले, म्हणजे रात्री दिसणारा कॅमेरा, लेझर, आपोआप लक्ष्य धरणारी यंत्रणा. आकाशतीर या हवाई संरक्षणाच्या संगणकीय यंत्रणेमुळे रडारचं चित्र थेट खालपर्यंत येतं. सिंदूरच्या वेळी या जुन्या तोफेने आणि तिच्या जोडीच्या झू-२३, शिल्का या तोफांनी ड्रोन पाडले, तेव्हा टीव्हीवर लोकांना आश्चर्य वाटलं. आम्हा जुन्या गनर्सना नाही वाटलं. पण यंत्र नवं झालं म्हणून माणसाचं काम हलकं होत नाही. पडद्यावर एक ठिपका दिसतो. तो पक्षी आहे, आपलंच ड्रोन आहे, की रडार चालू करायला भाग पाडण्यासाठी सोडलेलं रिकामं भांडं आहे? वरून हुकूम ‘वेपन टाइट’ असेल तर ओळख पटल्याशिवाय गोळी नाही. ओळख पटवायला मिळतात काही सेकंद. त्यात चार गोळ्यांची क्लिप भरणारा पोरगा घामाने निथळत असतो, नळी तापलेली असते आणि शेजारच्या तोफेने आधीच फायर सुरू केलेलं असतं. अशा वेळी घाईने गोळी सोडणं सगळ्यात सोपं. न सोडणं शिकायला वर्षं लागतात.

पहिल्या वर्षी पोरगा तोफ ओळखतो. दुसऱ्या वर्षी त्याचा हात बसतो. तिसऱ्या वर्षी बिघाड कुठे झालाय ते त्याला आवाजावरून कळायला लागतं. चौथ्या वर्षी तो नव्या पोराला शिकवू शकतो. हा माझा चोवीस वर्षांचा हिशेब आहे, आणि कुठल्याही तोफखान्यातल्या, सिग्नल्समधल्या, रणगाड्यावरच्या जुन्या हवालदाराला विचारा, तो थोड्याफार फरकाने हेच सांगेल. आणि नेमक्या त्याच चौथ्या वर्षाच्या शेवटी आपण त्याला सेवा निधीचा, म्हणजे एकरकमी पैशाचा, चेक देऊन बसस्टँडवर सोडणार आहोत.

१४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षासाठी ४६ हजार अग्निवीर घ्यायचं ठरलं होतं. चारातला एक राहणार या हिशेबाने त्यातले साडेचौतीस हजार बाहेर पडतात. २०२६ च्या अखेरीपासून हे सुरू होतं आणि मग दर वर्षी चालतच राहतं. सिंदूरचा अनुभव गाठीशी असलेली पहिली तुकडी ती हीच. कोणत्याही फौजेला असा अनुभव विकत घेता येत नाही.

मी योजनेचा आंधळा विरोधक नाही. पेन्शनचा भार खरा आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी दिले, त्यातले १.६० लाख कोटींहून जास्त पेन्शनला गेले. मीही त्याच पेन्शनवर जगतो, म्हणून हा आकडा हलक्यात घेत नाही. फौजेचं सरासरी वय ३२ वरून २६ वर आणायचं, हा विचारही चुकीचा नाही; सियाचीनला किंवा पूर्व लडाखला चढायला तरणी छाती लागते. पण ही योजना आखली त्यानंतर जग बदललंय. २०२२ पासून आजपर्यंत जी युद्धं आपण पाहिली, ती याच गोष्टीवर वेगळंच सांगतात.

युक्रेनकडे पाहा. तिथे काही शे डॉलरचं ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा जाळतं. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमध्ये लपवून नेलेल्या ११७ ड्रोननी रशियाच्या आतल्या विमानतळांवर हल्ला केला. हे सगळं लोक कौतुकाने सांगतात. पण त्याच युक्रेनला एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ वर आणावं लागलं, कारण माणसं संपत चालली होती. आज तिथल्या खंदकातल्या सैनिकाचं सरासरी वय चाळिशीच्या पुढे आहे. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख लोक बोलावले. इस्रायलने ७ ऑक्टोबर २०२३ नंतर काही दिवसांत तीन लाखांहून जास्त राखीव सैनिक उभे केले. ते उभे करता आले कारण त्यांची नावं, हत्यारं, जागा आधीच ठरलेल्या होत्या आणि त्यांचा सराव होत होता. लांबलेल्या युद्धात पहिल्या दिवशी लढणारी फौज सहा महिन्यांनी तीच राहत नाही. मग मागे कोण उभं आहे, यावर सगळं येऊन ठेपतं.

आपल्या मागे कोण उभं आहे? चार वर्षांनी घरी गेलेल्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची सोय नाही, कॅन्टीन नाही. म्हणजे नात्याचा धागाच आपण कापून टाकतोय. पाच वर्षांनी देशाला तो हवा असेल तेव्हा तो पुण्याला एखाद्या सोसायटीच्या गेटवर बसलेला असेल नाहीतर चाकणला कंत्राटी कामावर असेल. त्याचा हात गेलेला असेल. नवी तोफ, नवं सॉफ्टवेअर त्याने पाहिलेलंही नसेल. केंद्रीय पोलीस दलांत राखीव जागा ठेवल्या, चांगलं केलंत. पण सीमा चौकीवरचा जवान आणि एअर डिफेन्सचा गनर ही दोन वेगळी कामं आहेत.

आणि समोरचा स्वस्थ बसलेला नाही. जुलै २०२५ मध्ये उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंह यांनी उघडपणे सांगितलं की सिंदूरच्या वेळी सीमा एक होती पण समोर विरोधक तीन होते, पाकिस्तान आणि त्याच्या मागे चीन, तुर्कस्तान, आणि गेल्या पाच वर्षांतली पाकिस्तानची ८१ टक्के आयात शस्त्रं चिनी आहेत. त्यानंतर दोन महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, पाकिस्तान आणि सौदी अरेबियाने रियाधमध्ये संरक्षण करार केला. एकावरचा हल्ला तो दोघांवरचा हल्ला, असा. साहेब, १७ सप्टेंबर हा आमचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या सकाळी आम्ही गावच्या शाळेत झेंड्याला सलामी देऊन घरी आलो आणि रात्री मोबाइलवर ही बातमी वाचली.

त्या दिवसाचा आणि फौजेचा संबंध आमच्याकडे घराघरात आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघालेल्या फौजेने पहिली झुंज दिली ती नळदुर्गला, बोरी नदीचा पूल शाबूत ताब्यात घेऊन. माझा आजा तेव्हा त्या रस्त्यालगतच्या रानात गुरं राखत होता. रणगाडे पाहिले आणि गुरं सोडून तो गावाकडे पळत सुटला, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. पाच दिवसांत निजामाची शरणागती झाली. मी स्वतः फौज पहिल्यांदा पाहिली ती किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. तोंडाला फडकी बांधलेले जवान दगडमातीखालून माणसं काढत होते, मी सोळा वर्षांचा होतो आणि त्यांना पाणी नेऊन देत होतो. त्यांच्यातला एक जण, बहुतेक दक्षिणेकडचा, त्याला मराठी येत नव्हतं, त्याने एक लहान मुलगी बाहेर काढली आणि बराच वेळ तिला खाली ठेवलंच नाही. मी भरती झालो तो त्या माणसामुळे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेडला पूर आला तेव्हाही संभाजीनगरहून फौजेची तुकडी निघाली. आम्हाला सीमा लांब आहे, फौज लांब नाही.

म्हणून आमच्या पोरांच्या मनातून फौज उतरताना पाहिली की मला सहन होत नाही. माळावर पूर्वी साठ-सत्तर पोरं यायची, त्यातली बहुतेक फौजेसाठी. आता निम्म्याहून जास्त पोलीस भरतीसाठी पळतात. विचारलं तर सांगतात, “सर, चार वर्षांनी परत इथंच यायचं हाय ना?” कोविडच्या दोन वर्षांत भरतीच झाली नाही, तेव्हा वय निघून गेलेली पोरं तर अजून माझ्याकडे बघून मान खाली घालतात. लग्नाचं तर बोलूच नये. मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो, “पर्मनंट हाय का?” वर्दीतल्या पोराला नकार मिळताना मी माझ्या जन्मात पहिल्यांदा पाहतोय.

एक गोष्ट मात्र मी तक्रार म्हणून नाही, हात जोडून सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेला. अशा पोराच्या घरच्यांना विम्याचे ४८ लाख मिळतात, कर्तव्यावर मृत्यू असेल तर ४४ लाख सानुग्रह आणि उरलेल्या काळाचा पगार, सेवा निधी मिळतो. रक्कम लहान नाही, हे मी मान्य करतो. पण त्याच चौकीवर, त्याच गोळीने नियमित जवान गेला तर त्याच्या मायबापाला किंवा बायकोला जन्मभर पेन्शन, आणि अग्निवीराच्या घरच्यांना नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही २०२४ मध्ये हा फरक मिटवायला सांगितलं. खेड्यात एकरकमी पैसा किती दिवस टिकतो, कोण कोण त्यावर डोळा ठेवून असतं, हे मी शेतकरी आत्महत्यांच्या घरात पाहिलंय. विधवेच्या हातात दर महिन्याला येणारे पैसे कुणी दीर काढून घेऊ शकत नाही. ही दुरुस्ती करायला तर युद्धनीतीचा प्रश्नही नाही, ती एका सहीने होईल.

बाकीचं माझं मागणं असं. एअर डिफेन्स, तोफखाना, सिग्नल्स, ड्रोन चालवणाऱ्या तुकड्या, जिथे हात बसायला वर्षं लागतात तिथे चारातला एक ही अट सोडा आणि निम्मे तरी ठेवा. पायदळाचं प्रमाण तुमचे सेनापती ठरवतील, ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात. जे बाहेर जातील त्यांना राखीव सैनिक म्हणून नोंदवा, वर्षाला दोन-तीन आठवडे त्यांच्याच जुन्या रेजिमेंटमध्ये बोलवा, त्या दिवसांचा पगार द्या, कॅन्टीन आणि दवाखान्याचं कार्ड द्या. पूर्ण पेन्शनच्या मानाने हा खर्च फार थोडा आहे. लातूर, परभणी, बीडसारख्या ठिकाणी या राखीव पोरांना ड्रोनचा सराव देता येईल; पुढे पूर आला की तेच ड्रोन आणि तीच पोरं पाण्यात अडकलेली माणसं शोधायला कामी येतील. मुखेडला ते किती लागले असते हे तिथल्या लोकांना विचारा.

त्या पोराची चार वर्षं आता संपत येतील. परवा त्याची माय परत विचारत होती, “ठेवतील का वो त्याला?” तो त्याच्या तुकडीत पहिल्या पाचात आहे, मी त्याच्या गन कमांडरशी बोललो, म्हणून मी तिला ‘ठेवतील’ म्हणालो. पण त्याच्याबरोबर तोफेवर आणखी तीन अग्निवीर होते, तेही त्याच रात्री जागले. एक नांदेडचा आहे, दोघे बिहारचे. त्यांच्याबद्दलचा निर्णय तुकडी बाहेर पडायच्या आत जाहीर व्हावा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त हवालदार, आर्मी एअर डिफेन्स
ता. औसा, जि. लातूर