दोन टोनआर्मची बैठक: देखावा नव्हे, मोजमापाचे काम

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रामोफोन तबकड्यांविषयी आलेला लेख मी आस्थेने वाचला. या विषयाला वर्तमानपत्रात इतकी जागा क्वचितच मिळते, म्हणून लेखकाचे आभार मानतो आणि त्यातील काही विधानांपुरते लिहितो. एकाच टर्नटेबलवर दोन टोनआर्म, म्हणजे सुई तबकडीवर धरणारे दोन फिरते हात, बसवणे हा निव्वळ देखावा आहे, असे लेखात म्हटले आहे. आणि ज्यांना ती हौस भागवायचीच असेल त्यांनी सुताराकडून एक भक्कम पेटी करून घ्यावी, असा सल्लाही दिला आहे. अशी बैठक, म्हणजे टर्नटेबल आणि आर्म ज्यावर बसतात तो लाकडी पाया, मी स्वतः दोनदा केली आहे. पहिली फसली, दुसरी आजही रोज वापरात आहे. त्या अनुभवामुळे मला ही दोन्ही विधाने मान्य करता येत नाहीत.

दुसऱ्या आर्मची गरज मुळात तबकड्यांमुळेच निर्माण होते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची खाच इतकी रुंद असते की तिला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचे टोक असलेली सुई लागते. १९४८पासून आलेल्या मोनो एलपीला (कमी फेऱ्यांच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीला) सुमारे २५ मायक्रॉनची, तर स्टिरिओ तबकडीला त्याहूनही बारीक. बारीक सुई ७८च्या खाचेत ठेवली तर ती भिंतींवर न टेकता तळाशी घसरत जाते आणि तिथे साठलेली धूळ व झीजच ऐकवते. मोनो तबकडीत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेले असते, त्यामुळे उभी हालचाल मुळीच न वाचणारे खरे मोनो कार्ट्रिज (सुई धरून तिची हालचाल विजेत बदलणारा भाग) लावले की खरखरीचा मोठा भाग आपोआप गळून पडतो. हा फरक ऐकायला तज्ज्ञ कान लागत नाही.

याहून महत्त्वाचे कारण आर्मच्या वजनात आहे. आर्म आणि कार्ट्रिज यांचे मिळून एक नैसर्गिक कंपन असते आणि ते साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावे, असे मानले जाते. एकूण परिणामी वस्तुमान (आर्म आणि कार्ट्रिज हलताना सुईला जाणवणारे त्यांचे वजन) ग्रॅममध्ये घ्यावे, सुईच्या दांडीचा लवचिकपणा मायक्रॉन प्रति मिलिन्यूटनमध्ये घ्यावा, दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याने १५९ला भागावे, की ही वारंवारता मिळते. एकूण ३० ग्रॅमच्या जड जोडणीत ८ लवचिकपणाचे ताठ कार्ट्रिज असेल तर उत्तर सुमारे १०.३ येते, आणि १२ ग्रॅमच्या हलक्या जोडणीत २५ लवचिकपणाचे मऊ कार्ट्रिज असेल तर सुमारे ९.२. दोन्ही जोड्या उत्तम. आता तेच मऊ कार्ट्रिज जड आर्मला लावून पाहा: उत्तर ५.८वर घसरते, म्हणजे वाकड्या तबकडीचे हेलकावे आणि खोलीतल्या पावलांचे हादरे जिथे असतात, नेमके तिथे. ताठ आणि मऊ अशा दोन्ही कार्ट्रिजांना न्याय देणारा एकच आर्म शोधणे म्हणूनच फार कठीण असते.

हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज धरणारा भाग, बदलून हे काम भागते, असे कोणी म्हणेल. काही अंशी भागतेही. परंतु प्रत्येक वेळी सुईचा भार, अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून लावलेला विरुद्ध जोर) आणि आर्मची उंची पुन्हा जुळवावी लागते, आणि हे रोज मनापासून करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ज्यांच्या संग्रहात केवळ स्टिरिओ एलपी आहेत आणि ज्यांचे कार्ट्रिज एकच आहे, त्यांना मात्र दुसऱ्या आर्मची गरज नाही, हेही तितकेच खरे.

आता बैठकीविषयी. टर्नटेबल बैठकीविना विकत घेण्याची पद्धत जुनीच आहे. १९५४ मध्ये आलेले गॅरार्ड ३०१ हे यंत्र नुसतेच मिळत असे आणि बैठक घेणाऱ्याने आपापली करायची असे. तेव्हापासून आजवर या कामातला कळीचा आकडा एकच आहे: प्लॅटरच्या, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या तबकाच्या, मधल्या स्पिंडलपासून (खुंटीपासून) आर्मच्या पिव्हटपर्यंतचे, म्हणजे तो जिथून फिरतो त्या बिंदूपर्यंतचे, अंतर. टोनआर्मच्या भूमितीचे अभ्यासक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या भूमितीनुसार सुई तबकडीवर दोनच ठिकाणी, म्हणजे मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर, खाचेच्या अचूक स्पर्शरेषेत येते. त्या हिशेबाने सुईपर्यंत २२९ मिलिमीटर लांबीच्या आखूड आर्मचा पिव्हट स्पिंडलपासून २१०.९ मिलिमीटरवर हवा आणि ३०५ मिलिमीटरच्या लांब आर्मचा २९१.६वर. निर्मात्याने स्वतःचा आकडा दिला असेल तर तोच पाळावा, कारण हेडशेलचा कोन त्यानेच ठरवलेला असतो. हेडशेलमध्ये कार्ट्रिज सरकवायला फटी असतील किंवा आर्मचा पायाच सरकता असेल, तर एखाद्या मिलिमीटरची चूक सावरता येते. ज्या आर्ममध्ये दोन्ही सोयी नाहीत, त्याच्यासाठी भोक अर्ध्या मिलिमीटरनेही चुकू नये. पेटी बनवणाऱ्या कुशल कारागिराला हे कोणी सांगितलेच नाही, तर दोष त्याचा कसा?

पिव्हट त्या त्रिज्येच्या वर्तुळावर कोठेही असला तरी भूमिती बिघडत नाही. म्हणून लांब आर्म नेहमीप्रमाणे उजवीकडे आणि आखूड आर्म मागे डाव्या कोपऱ्यात, दांडी उजवीकडे वळलेली, ही रचना मला सर्वांत सोयीची वाटते. यात मागच्या आर्मचा बोटाने उचलायचा हूक पलीकडच्या बाजूला जातो आणि हात फिरत्या तबकडीवरून न्यावा लागतो. तेव्हा त्या आर्मला उचलण्याची तरफ असलीच पाहिजे.

माझी पहिली बैठक इथेच फसली. दोन्ही आर्म विसाव्यावर (वाजवत नसताना आर्म टेकवायच्या जागी) असतानाची चित्रे मी कागदावर काढली होती, पण त्यांचा फिरण्याचा पल्ला काढला नव्हता. आखूड आर्म विसाव्यावर ठेवला की त्याचे हेडशेल लांब आर्मच्या मागच्या वजनाच्या वाटेत येई. लाकूड चिकटवून, कापून, पॉलिश करून झाल्यावर हे लक्षात आले, तेव्हाचे दुःख मला आजही आठवते. दुसऱ्या वेळी दोन्ही आर्मच्या पूर्ण आकाराच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती कापल्या, मागच्या वजनासकट, त्या टाचणीने नकाशावर रोवल्या आणि विसाव्यापासून शेवटच्या खाचेपर्यंत दोन्ही फिरवून पाहिल्या. बैठक ५४ सेंटिमीटर रुंद आणि ४६ सेंटिमीटर खोल ठेवावी लागली.

लाकडाबद्दल थोडक्यात: १८ मिलिमीटरचे बर्च प्लायचे चार थर एकमेकांवर पक्के चिकटवले की पुरेसे वजन मिळते आणि कंपनही आटोक्यात राहते. आर्म मात्र थेट बैठकीत न रोवता वेगळ्या, स्क्रूने आवळायच्या फळ्यांवर बसवावेत. प्रत्येक आर्मच्या खांबाची उंची वेगळी असते, आणि सुई टेकल्यावर दांडी तबकडीला समांतर राहण्यासाठी फळीची जाडी त्यानुसार ठेवता येते. उद्या आर्म बदलला तर फक्त फळी बदलावी लागते. खांबाखाली वायरीच्या प्लगला जागा सोडण्यास विसरू नये.

दुसरा आर्म शेजारी सुट्या खांबावर उभा करण्याची पद्धतही लेखात सुचवली आहे. तिच्याविषयी माझा ठाम आक्षेप आहे. सुई जे वाचते ती तबकडी आणि कार्ट्रिज यांच्यातली परस्पर हालचाल असते, आणि हळुवार स्वरांत ती मायक्रॉनच्याही अंशात असते. प्लॅटरचे बेअरिंग एका वस्तूवर आणि आर्म दुसऱ्या वस्तूवर असेल, तर त्या दोन वस्तूंमधला प्रत्येक थरकाप संगीतात मिसळतो. शिवाय खांबाला चुकून धक्का लागला की आधी सांगितलेले सारे मोजमाप संपले. बेअरिंग आणि दोन्ही आर्म एकाच घट्ट अंगाला जोडलेले असावेत. अशी बैठक करण्याचे प्रयोजनच ते आहे.

लेखाच्या शेवटी पुढील भागाचे आश्वासन आहे. त्यात पिव्हटची अंतरे दाखवणारा एक नकाशा छापावा, अशी आपणास विनंती आहे. जागेअभावी ते शक्य नसेल, तर आर्मसोबत मिळणाऱ्या तक्त्यावरून अंतर दोनदा तपासल्याखेरीज लाकडाला ड्रिल लावू नये, एवढी सूचना तरी अवश्य द्यावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक