कालनिर्णयवरचे खाडे

प्रिय मण्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. गुडघा ठीक, साखर आटोक्यात.

आमच्या मालिकेतलं रक्त तुला कुंकवासारखं वाटतं ना? मी सिरपमध्ये खाण्याचा रंग आणि चिमूटभर कॉफी घालून काळपट करतो, कारण खरं रक्त वाळलं की तपकिरी होतं. पण दिग्दर्शक म्हणतो, मोबाईलवर चहा सांडल्यासारखं दिसतं. प्रेताभोवती खडूची रेघही त्यालाच हवी. १ जुलै २०२४पासून नव्या कायद्याने झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. आमचा इन्स्पेक्टर अजून रुमालात पिस्तूल उचलतोय.

तर परवा खालच्या मजल्यावरचे काका गेले. एकटेच राहायचे, दार तोडावं लागलं. अकस्मात मृत्यूच्या पंचनाम्याला शेजारचे दोघे हवेत, म्हणून हवालदाराने मला धरलं. "तुम्ही सिरियलवाले, तुम्हाला सवय असेल." सवय! मी आयुष्यभर खुर्च्या उलथवल्या, ग्लास फोडले. इथे काही म्हणता काही हललेलं नव्हतं. कुकरात भात, नळाला जुन्या बनियनचं फडकं. त्यांना कुशीवर वळवलं तर पाठ जांभळी, जमिनीला टेकला होता तेवढाच भाग पांढरा. हे मी मेकअपवाल्याला कितीदा सांगितलंय! तो म्हणतो, कॅमेरा पाठीमागे जातो का?

आणि भिंतीवर कालनिर्णय. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले. पान उलटलं तर पुढच्या महिन्यातल्या ५ दिवसांवर आधीच फुल्या. कुठे निघाले होते, कुणालाच ठाऊक नाही. पंचनाम्यात ते आलं नाही, येण्याचं कारणही नाही. मी सही केली.

आता गुरुवारी शूट आहे. एकट्या म्हाताऱ्याचं घर, नेमकं! ते पान लावलं तर बाकी काही लावायला नको. पण काकांची भाची आमची मालिका बघते. आणि आबांचा चष्मा तू एकांकिकेत लावलास तेव्हा तुझ्याशी अबोला धरणारा मीच ना? तू म्हणालास, खरा होता म्हणून मागच्या रांगेपर्यंत पोचला. बक्षीस घेऊन नाचलास, आई मधेच उठून गेली ते बघितलंस तरी का? त्या बक्षिसाची भेळही दिली नाहीस, हलकटा. पण चष्मा पोचला होता, हे मीही तेव्हा कबूल केलं नाही.

लावू का? लबाडी न करता सांग.

वहिनींची बदली झाली का? चिनूचं बारावीचं काय? सविस्तर नंतर.

बुधवारी रात्रीपर्यंत फोन कर. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवलास तर बघ.

तुझा,
सुध्या