दिवेआगरचं पाणी कुणी मोजलंय का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रकाठच्या सहलींवर लेख आला आहे. त्यात आमच्या दिवेआगरला 'अलीकडेच पर्यटकांना सापडलेलं टुमदार गाव' म्हटलंय. लेख प्रेमाने लिहिलाय, त्याबद्दल तक्रार नाही. सोबतचा काळ्या खडकांचा फोटो मात्र आमचा नव्हे, हरिहरेश्वरचा दिसतो. आमच्याकडे चार किलोमीटर सरळ वाळू, तिच्यामागे सुरूचं बन, मध्येमध्ये केवडा आणि मग वाड्या, म्हणजे नारळ-पोफळीच्या (सुपारीच्या) बागा. अख्ख्या लेखात वाडीचा उल्लेख एकदाच येतो, 'वाडीत झोपाळे टांगले आहेत' एवढ्यापुरता. म्हणून हे पत्र, वाड्यांबद्दल आणि त्यांच्या पाण्याबद्दल.

आधी 'अलीकडे सापडलेलं' याविषयी. दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. मराठीच्या सर्वात जुन्या लेखांत तो मोजतात. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता होती. आमच्या रूपनारायणाची दशावतार कोरलेली मूर्तीही त्याच काळातली मानतात. ती पाहायला तिकीट नाही, रांग नाही, म्हणून बहुधा लेखात तिला जागा मिळाली नसावी. पुढे हा सगळा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तिकडेच राहिला. आमचे मामंजी नवाबाच्या राज्यात जन्मले. गंमतीत असले की 'आम्ही परदेशात जन्मलो' म्हणायचे.

इतकी शतकं या वाळूच्या पट्टीवर माणसं टिकली कशावर? मासेमारी होती, थोडी भातशेती होती, पण गाव धरून ठेवलं ते नारळ-पोफळीच्या वाड्यांनी. आणि वाड्या उभ्या राहिल्या त्या वाळूखालच्या गोड्या पाण्यावर. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहीर खणली तरी पंधरा-वीस फुटांवर पिण्याजोगं पाणी लागतं, याचं पाहुण्यांना फार नवल वाटतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, हलकं असल्यामुळे, थरासारखं तरंगत राहतं. थर पातळ असतो. वरवरचं हळूहळू उपसलं तर वर्षभर पुरतो. खोलवर पाइप घालून जोरात ओढलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि ते परत खाली जायला कित्येक पावसाळे लागतात. जुन्या माणसांना हे शास्त्र म्हणून ठाऊक नसेल, पण रहाट दुपारी थांबवायचा आणि विहिरीला 'भरू द्यायचं' हे सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं. सकाळचं शिपणं झालं की विहिरीकडे संध्याकाळपर्यंत फिरकायचं नाही.

श्रीवर्धनचा रोठा म्हणून जी सुपारी बाजारात नावाजली जाते ती याच वाड्यांमधली. एका वाडीत फक्त पोफळी नसतात. वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, सावलीत जायफळ, पाटाच्या कडेला केळी आणि अळू. गुंठ्यांत मोजायची जमीन, पण तिच्यात चार मजली पीक.

१९९७ च्या नोव्हेंबरात, संकष्टीच्या दिवशी, अशाच एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणपती, म्हणजे गणपतीचा सोन्याचा मुखवटा, निघाला. आमचा गाव पर्यटननकाशावर आला तो त्या दिवसापासून. म्हणजे पर्यटनही वाडीतूनच निघालं म्हणायचं! त्याआधी आमच्याकडे येणारे पाहुणे म्हणजे मे महिन्यातले मुंबईकर चाकरमानी. नंतर गाड्या येऊ लागल्या, लोक 'जेवायची काही सोय होईल का' विचारू लागले आणि घराघरांतून खानावळी सुरू झाल्या. ज्या बायकांच्या हातात कधी स्वतःचा पैसा आला नव्हता त्यांनी मोदकांवर मुलांची कॉलेजं केली. मी त्यांतलीच एक. माझ्याही खोल्या आहेत, त्या भाड्याने जातात, तेव्हा पर्यटक नकोत असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

२३-२४ मार्च २०१२ च्या रात्री देवळावर दरोडा पडला. मुखवटा गेला, तो वितळवला गेला, पुढे सोनं काही प्रमाणात हाती लागलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा मुखवटा बसला, हे सगळं आपल्या लेखात आहे. त्या रात्री देवळाची राखण करणारे दोघे मारले गेले, हे मात्र लेखात नाही. गावात अजून त्यांची घरं आहेत. सोन्याचं वजन छापताना एक ओळ त्यांच्यासाठी निघायला हरकत नव्हती.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ लेखात 'काही झाडांचं नुकसान' एवढ्यात आटोपलंय. वादळ दुपारी किनाऱ्यावर आलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या याच पट्ट्यात. पोफळ ही सडपातळ, उंच, एकमेकींच्या आधाराने उभी असलेली झाडं. कडेची रांग गेली की आतली राहत नाही. दोन-तीन तासांत वाडीतून समुद्र दिसायला लागला. ज्या घरांतून फक्त गाज ऐकू यायची तिथून लाटा दिसत होत्या. नंतरचे कितीतरी दिवस वीज नव्हती. टाळेबंदीमुळे माणसं घरात आणि घरावर कौलं नाहीत. भरपाईचा पहिला हिशेब हेक्टरी होता. हेक्टरभर वाडी आमच्याकडे कुणाची असते? ओरड झाल्यावर सरकार झाडागणिक भरपाईवर आलं: नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. पडलेलं खोड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीही त्यात सुटत नव्हती.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं आणि भरात यायला आणखी तितकीच. शिवाय पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही. वर नारळ असले तर रोप त्यांच्या सावलीत वाढतं, पण नारळही आडवे झालेले. मग आधी केळी लावायच्या, केळी सावली देण्याएवढ्या झाल्या की पोफळी लावायच्या. जी मोठी झाडं वाचली त्यांच्या बुंध्यांना पश्चिमेचं ऊन थेट लागू लागलं. साल भाजून तडकते आणि पुढच्या वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. म्हणून दोन उन्हाळे आम्ही प्रत्येक बुंध्याला गळलेल्या विऱ्या (पोफळीच्या पानांची रुंद आवरणं) आणि झावळ्या बांधत बसलो होतो, उन्हाच्या बाजूने, माणसाच्या उंचीपेक्षा वरपर्यंत. बघणाऱ्याला वाटावं झाडांना प्लॅस्टर घातलंय.

हे सगळं करण्याची ताकद प्रत्येकात नव्हती. ज्यांची मुलं बाहेर आहेत, वय झालंय, त्यांच्या ओसाड वाड्यांना भाव आला. बोडकी जमीन, समुद्राजवळ, झाडं तोडायची कटकट नाही. अशा काही वाड्यांत आता पोहण्याचे तलाव आहेत. समुद्र दोनशे पावलांवर असताना तलाव का लागतो हे मला अजून कळलेलं नाही, पण पाहुणे फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतात, हे खरं.

आता साधा हिशेब करू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल असा लहानसा तलाव धरला तरी साठ हजार लिटर पाणी लागतं. ठिबकवर एका पोफळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पुरतं. एकदा तलाव भरायचं पाणी म्हणजे तीन हजार पोफळींचं एका दिवसाचं शिपणं. वर खोलीगणिक शॉवर, चादरी, टॉवेल. हे पाणी उथळ विहिरीतून निघत नाही, म्हणून बोअर मारतात. शेजारच्या विहिरीला त्याचा पत्ता एप्रिलमध्ये लागतो. चहा फाटतो, डाळ शिजत नाही, आणि मग आपण म्हणतो पाणी मचूळ झालंय. नारळ थोडं खारं पाणी सोसतो. पोफळ सोसत नाही. पानांचे शेंडे करपायला लागतात. वादळातून वाचलेली झाडं अशी जाताना बघणं फार कठीण जातं, कारण या वेळी आवाजही होत नाही आणि पंचनाम्यालाही कुणी येत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. भूजल यंत्रणेने गावातल्या निवडक विहिरींचा खारेपणा दर मे महिन्यात मोजावा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. २००९ चा भूजल कायदा राज्यात आहेच. त्याचा उपयोग आमच्यासारख्या वाळूच्या पट्टीवर नाही करायचा तर कुठे करायचा? नव्या बांधकामाला परवानगी देताना खोल्या किती हे विचारतात, तसं पाणी कुठून आणणार हेही लेखी घ्यावं. ग्रामसभेत हा विषय मी काढला तेव्हा 'ताई, तुमचं दुकान चाललंय म्हणून दुसऱ्याचं नको का' असं ऐकून घ्यावं लागलं. उत्तर असं की विहीर मचूळ झाली तर माझं दुकान सर्वात आधी बसेल, मोठ्यांना टँकर परवडतो.

आणि ताम्रपटाची एक चांगली प्रतिकृती, खाली आजच्या मराठीत अर्थ लिहून, गावात कुठेतरी लावा. आमच्या शाळेतल्या मुलांना सोन्याच्या गणपतीचं वजन तोंडपाठ आहे, शके ९८२ माहीत नाही.

आपल्या लेखकांना पुन्हा यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत यावं. तेव्हा खळ्यात सुपारी वाळत असते, आणि कोणत्या वाडीत नवी रोपं लागली, कोणत्या वाडीत निळ्या फरशा, हे चालत फिरलं की अर्ध्या तासात दिसतं.

आपली,
एक वाचक
दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड

ता. क. – उकडीचे मोदक 'दिवसभर गरमागरम मिळतात' असं छापून आलंय. मिळत नाहीत. सकाळी दहाच्या आत आकडा सांगावा लागतो. त्या रविवारपासून दुपारी दोन वाजता माणसं येऊन माझ्याशी भांडतायत, तेवढी दुरुस्ती कृपया छापावी.