विषय: २०२४ चं हँडबुक मागवलं, २०१४ चं आलं, बदलून द्या

नमस्कार,

मी तुमच्या साइटवरून डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, मागवलं होतं, २०२४ चं. साइटवर फोटो नव्या कव्हरचाच होता आणि खाली ३८४ पानं असंही लिहिलेलं. शुक्रवारी पार्सल आलं, माझा भाचा इथेच होता, त्यानेच उघडलं आणि म्हणाला मावशी, हे तर तुझ्याकडे आहेच ना. बघितलं तर आत २०१४ चं जुनं हँडबुक. पुस्तक कोरं आहे, पॅकिंगही व्यवस्थित होतं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण मी पैसे भरले ते पुस्तक हे नाही आणि हे माझ्याकडे २०१९ पासून आहे.

लगेच चॅटवर कळवलं, फोटो पाठवले. उत्तर आलं की दोन्ही फिफ्थ एडिशनच आहेत, नियम तेच आहेत, फक्त कव्हर बदललंय, म्हणून "चुकीची वस्तू" या कारणाखाली रिटर्न होणार नाही, आणि तक्रार बंद. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. चुकीचं पुस्तक पॅक होऊ शकतं हो, माणसाच्या हातून होतं, पण नियम तेच आहेत असं न बघता सांगणं चूक आहे, म्हणून नीट लिहून पाठवतेय.

आम्ही ठाण्यात दर रविवारी खेळतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारी, आणि चार प्लेअर. आत्तापर्यंत २०२४ च्या फुकट मिळणाऱ्या नियमांवर भागवलं, पण त्यात प्रत्येक क्लासला (ड्रुइड, पॅलाडिन, क्लेरिक, फायटर असा कॅरेक्टरचा पेशा) एकच सबक्लास, म्हणजे त्या पेशातली खास शाखा, आहे, आणि आता सगळे तिसऱ्या लेव्हलला आलेत. नव्या नियमांत बाराही क्लासना सबक्लास तिसऱ्या लेव्हललाच मिळते, आणि पुस्तकात प्रत्येकाला चार म्हणजे एकूण ४८ आहेत. पुस्तक आत्ताच मागवलं ते यासाठी. आमच्या ड्रुइडला सर्कल ऑफ द सी ही सबक्लास हवीय, जुन्या पुस्तकात ड्रुइडला लँड आणि मून एवढी दोनच सर्कल आहेत. भाचा नववीत आहे, पहिल्यांदाच खेळतोय, त्याने त्याच्या पॅलाडिनसाठी ओथ ऑफ ग्लोरी हा सबक्लास कधीचं ठरवून ठेवलंय, तेही जुन्या हँडबुकात नाही. त्याचा पॅलाडिन गोलायथ आहे, आणि ती जमातच त्या पुस्तकात नाहीये!

क्लेरिकची तर पूर्ण पंचाईत. जुन्या पुस्तकाप्रमाणे क्लेरिकने डोमेन, म्हणजे त्याची सबक्लास, पहिल्याच लेव्हलला निवडायचं असतं, म्हणजे आमच्या मैत्रिणीचं दोन लेव्हल खेळून झालेलं कॅरेक्टर त्या हिशोबाने चुकीचं ठरतं. तिचा क्युअर वूंड्स हा जखमा भरायचा मंत्र नव्या नियमांत आठ बाजूंचे दोन डाइस टाकून बरं करतं, जुन्यात एकच. लढाईत कोणी पडलं की त्या एका डाइसवर माणूस जगतो की जातो हे ठरतं, हे खेळणाऱ्याला विचारा.

अजून सांगते. जुन्यात ताकद, चपळाई वगैरेचे वाढीव पॉइंट तुम्ही ड्वार्फ की एल्फ यावरून मिळायचे, नव्यात ते बॅकग्राउंडवरून मिळतात, म्हणजे तुमचं कॅरेक्टर आधी शिपाई होतं की पुजारी की चोर, आणि त्याच्यासोबत एक फीट, म्हणजे जादा कौशल्य, पण मिळते. मला हा बदल मनापासून आवडलाय, कारण भाच्याला आधी विचारावं लागलं की तुझा पॅलाडिन लहानपणी काय करायचा, आणि त्याने अर्धा तास सांगितलं. जुन्या पुस्तकावरून कॅरेक्टर शीट बनवली तर हे सगळे आकडे वेगळे येतात. वेपन मास्टरी, म्हणजे प्रत्येक शस्त्राची खास करामत, तर जुन्यात मुळातच नाही. फायटरचा ग्रेटसोर्ड हुकला तरी नव्या नियमांत थोडं डॅमेज होतं, पॅलाडिनने लाँगसोर्ड मारला की समोरच्याचा पुढचा वार कच्चा पडतो. आणि डिव्हाइन स्माइट, म्हणजे पॅलाडिनचा जास्तीचा दैवी तडाखा, आता स्पेल (मंत्र) आहे, त्याला बोनस ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली जादाची छोटी कृती, लागते, आधी वार लागला की स्लॉट (मंत्र वापरायची ठरावीक शिल्लक) खर्च करून तसंच वापरता यायचं.

जुनी ॲडव्हेंचर नव्या कॅरेक्टरना चालतात हे खरं आहे, तुमच्या माणसाने बहुतेक तेच कुठेतरी वाचलं असेल. पण कॅरेक्टर बनवायचं पुस्तक वेगळं आहे. जुनं पुस्तक मी पाच वर्षं वापरलंय, त्याच्यावर माझं प्रेम आहे, मला फक्त दुसरी प्रत नकोय.

मला नवं पुस्तक पाठवा, आणि स्टॉकमध्ये नसेल तर पूर्ण पैसे परत करा, आणि हे पुस्तक तुमच्या खर्चाने घेऊन जा. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते. तशी पोच मला द्या. या वेळीही तक्रार नुसती बंद केलीत तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवेन.

आणि प्लीज साइटवर दोन्ही पुस्तकं वेगळी लावा, आत्ता बहुतेक एकाच ठिकाणी मिसळलीयत कारण खालचे रिव्ह्यू अर्धे जुन्याचे आहेत. नवीन खेळायला लागणाऱ्या एखाद्या मुलाने साठवलेल्या पैशांतून मागवलं तर त्याला फरक कळणारसुद्धा नाही, टेबलावर बसल्यावर कळेल.

कव्हर, २०१४ साल छापलेलं आतलं पान आणि तुमच्या साइटचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. येत्या रविवारचा गेम मी पुढे ढकललाय, त्याच्या पुढच्या रविवारच्या आत पुस्तक मिळालं तर चौघांना सबक्लास निवडता येतील.

तुमची एक ग्राहक,
ठाणे